झेडपीच्या शाळेत आता "आपल्यातलं" कोणी उरलं नाही, मग मुलीला कुठे घालू?

निफाड तालुक्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी जूनमध्ये पहिलीला जाणार. घरापासून पाच मिनिटांवर झेडपीची शाळा आहे, पहिली ते चौथी, पट 64, शिक्षक तीन. मुलीच्या पप्पांना तीच शाळा हवीय कारण तिथल्या बाई जीव ओतून शिकवतात. पण जाऊबाईंची दोन्ही मुलं बारा किलोमीटरवरच्या इंग्लिश मिडीयमला व्हॅनने जातात आणि गल्लीतली बाकीचीही तिकडेच. ही आई लिहिते, "झेडपीत आता आपल्यातलं कोणी राहिलं नाही ताई, सगळी मळ्यावरच्या मजुरांची मुलं आहेत. शिकवणं चांगलं आहे हे मलाही दिसतं, पण संगतीचं काय? उद्या करिअरमध्ये माझी मुलगी मागे पडली तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही."

ताई, तुम्ही मनातलं जसंच्या तसं लिहिलंत हे खूप बरं केलंत, कारण माझ्याकडे येणारे दहातले आठ पालक हेच विचारायला येतात पण फी, बोर्ड, स्मार्ट क्लास असं सगळीकडून फिरून शेवटी उठताना दारात उभं राहून हळूच म्हणतात, "तिथे मुलं कशी येतात हो?"

आधी करिअरचं सांगते कारण तो माझा रोजचा विषय आहे. मी आठवी ते बारावीच्या मुलांशी बोलते, गेली अठरा वर्षं. मागच्या महिन्यात दहावीचा एक मुलगा आला होता, नर्सरीपासून इंग्लिश मिडीयम, आईवडिलांनी फीसाठी दोनदा सोनं गहाण ठेवलेलं. त्याला म्हटलं फोटोसिंथेसिस सांग, त्याने व्याख्या धडाधड म्हटली, एक शब्द चुकला नाही. मग विचारलं, तुमच्या बागेत वेलीची पानं विरळ करतात ना, ती का करतात, सगळीच काढली तर काय होईल? गप्प. म्हटलं मराठीत सांग. मराठीतही गप्प, कारण विचार करायला लागणारे शब्दच त्याच्याकडे कुठल्या भाषेत पुरेसे नव्हते. पोरगा अजिबात ढ नव्हता हो, उजेडाचं आणि साखरेचं मी सोप्या मराठीत सांगितल्यावर पुढचं त्याने स्वतःच ओळखलं. असली मुलं बघून मला आतून तुटल्यासारखं होतं. सगळ्या इंग्लिश शाळा अशाच असतात असं मी म्हणत नाही, काही खरंच चांगल्या आहेत, पण पहिली चार वर्षं ज्या भाषेत घरी बोलतो त्या भाषेत वाचणं, लिहिणं, गणित पक्कं झालं तर पुढे इंग्रजी शिकता येतं, आणि हे पक्कं नसेल तर पुढे प्रत्येक विषय अडतो.

वाटाही बंद होत नाहीत. नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेसाठी पाचवीत असताना परीक्षा देता येते, मराठीतून देता येते आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. आठवीला एनएमएमएस या केंद्र सरकारच्या स्कॉलरशिपची परीक्षा असते, पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये स्कॉलरशिप मिळते, उत्पन्नाची अट आहे, पण ती फक्त सरकारी, झेडपी-नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी, विनाअनुदानित इंग्लिश शाळेतलं मूल तिथे फॉर्मच भरू शकत नाही. हे पालकांना बहुतेक वेळा नववीत कळतं, तेव्हा वेळ गेलेली असते.

आता संगत. इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे, रागावू नका. "आपल्यातलं कोणी नाही" यातलं आपल्यातलं म्हणजे कोण? बागायतदारांची मुलं, बरोबर ना? आणि मजुरांची मुलं म्हणजे पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला आलेल्या आदिवासी घरांतली आणि गावातल्या वस्तीवरची. संगत हा शब्द आपण वापरतो पण पुष्कळदा त्याच्या पोटात जात असते, पैसा असतो. तुम्ही वाईट आहात असं मुळीच म्हणत नाही, तुमच्या जागी घाबरलेली आई मला दिसते. पण शाहू महाराजांनी 1919 मध्ये कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवलं, आणि आज शंभर वर्षांनी आपण कुणीही हुकूम न देता, एकेक घर आपापल्या मुलाच्या भल्याचं बघून, पुन्हा वेगवेगळ्या शाळा उभ्या करतोय, हे मला सहन होत नाही.

हे होतं कसं ते तुमच्याच शाळेवरून बघा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी पट 60 पर्यंत असेल तर दोन शिक्षक आणि 61 ते 90 असेल तर तीन, असं दिलंय. तुमचा पट 64. म्हणजे तुमच्या गल्लीतून अजून चार मुलं व्हॅनमध्ये बसली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, तिसऱ्या पदावर गदा, कदाचित त्या चांगल्या बाईच जास्तीच्या ठरून समायोजनात दुसऱ्या शाळेत, आणि मग एकेक शिक्षक दोन-दोन वर्ग सांभाळणार. मग पुढच्या वर्षी उरलेले पालक म्हणणार, बघा, शिकवतच नाहीत, आणि तेही जाणार. शेवटी तिथे कोण राहतं, तर ज्यांना व्हॅनचं भाडं परवडत नाही ते. शाळा आधी वाईट होती म्हणून लोक गेले असं आपण धरून चालतो, पण बऱ्याच गावांत मी उलटं झालेलं पाहिलंय. आणि जे जातात ते असतात पालकसभेत प्रश्न विचारणारे, पंचायतीत जाऊन छपराचं पत्र देणारे, फोन करून बिडीओला बोलावणारे. मुलांबरोबर तो आवाजही जातो.

तुम्ही पत्रात असंही लिहिलंय की त्या इंग्लिश शाळेने तुमचा इंटरव्ह्यू घेतला, मिस्टर काय करतात, घरी इंग्लिश कोण बोलतं असं विचारलं. ताई, आरटीईच्या कलम 13 प्रमाणे मुलाची किंवा आईवडिलांची अशी चाळणी लावून प्रवेश देता येत नाही, पहिल्यांदा केलं तर 25,000 रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्याला वाटतं आपण शाळा निवडतोय, तिकडे शाळाही आपल्याला निवडत असते.

कायद्याने मुलं एकत्र बसवायचा एक प्रयत्न आहेच, खाजगी शाळांत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखीव 25 टक्के जागांचा. 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या राज्याने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्या 25 टक्क्यांतून सूट, आणि 19 जुलै 2024 ला मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पण हे आरक्षण आठवीपर्यंतच, नववीला फी दारात उभी असते, त्या वेळी माझ्याकडे रडत आलेल्या आया मी विसरू शकत नाही.

आणि मिसळल्याने तुमच्यासारख्या घरातल्या मुलांचं नुकसान होतं का, याचा दिल्लीच्या उच्चभ्रू खाजगी शाळांत नीट अभ्यास झालाय. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने तो केला, 2019 मध्ये छापून आला. तिथे गरीब मुलांना जागा देणं 2007 पासून सक्तीचं झालं होतं. त्याने मुलांच्या रिले शर्यती लावल्या आणि टीमला कोण हवंय ते निवडायला सांगितलं, जोरात पळणारा गरीब मुलगा की हळू पळणारा आपल्यातला. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती त्यांनी भेदभाव कमी केला, देण्याची वृत्तीही त्यांच्यात जास्त दिसली. हिंदी आणि गणिताच्या मार्कांवर फरक दिसला नाही, इंग्रजीचे मार्क मात्र थोडे कमी आले, तेही सांगते, लपवत नाही. उद्या तुमची मुलगी डॉक्टर होवो, कृषी अधिकारी होवो नाहीतर स्वतःचं पॅकहाऊस काढो, तिच्यासमोर येणारी निम्मी माणसं त्याच घरांतली असतील. त्यांच्याशी बोलता येणं हे मी करिअरमध्येच धरते.

तरीही डोळे झाकून झेडपीत घाला असं मी सांगणार नाही. मुलीचं शिक्षण पणाला लावून समाज सुधारायची सक्ती कुठल्याच आईवर नको. शिक्षक महिन्यातले निम्मे दिवस ट्रेनिंगला आणि ऑनलाईन माहिती भरायला जात असतील, तिसरीच्या मुलाला दुसरीचं पुस्तक वाचता येत नसेल, तर दुसरीकडे बघा, मीही बघितलं असतं. म्हणून अ‍ॅडमिशनचे पैसे भरायच्या आधी एक सकाळ शाळेत जाऊन बसा. सध्या काढणी चालू आहे, मजुरांची मुलं आत्ताच वर्गात आहेत, हीच बघायची वेळ. कुठल्याही तिसरीतल्या मुलाला एक पान वाचायला द्या आणि त्याला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा.

मी अशाच एका शाळेत गेले होते, दिंडोरीच्या बाजूला. बाईंनी गणित घातलं, एका क्रेटमध्ये 20 किलो, गाडीत 150 क्रेट, तर माल किती. बागायतदाराच्या मुलाने 3,000 किलो असं पटकन सांगितलं. मागे बसलेली एक मुलगी, घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी, म्हणाली, "बाई, क्रेटचं वजन पण धरायचं का? माझी आई उचलते ना, रिकामं पण जड असतं." बाईंनी फळ्यावरचं उत्तर पुसलं, कोपऱ्यातलं रिकामं क्रेट काट्यावर ठेवलं आणि सगळा वर्ग भोवती गोळा झाला. तो बागायतदाराचा मुलगा काटा वाचत होता आणि ती मुलगी वहीत लिहीत होती.

जाताना जाऊबाईंनाही न्या. आणि बाईंना एवढं नक्की विचारा की सीझन संपल्यावर गावी गेलेली मुलं परत येतात तेव्हा त्यांना कुठून सुरू करतात. त्या काय म्हणाल्या ते मला कळवा, मग आपण पुढचं बोलू.