मुक्या रिसीव्हरला हात लावण्याआधी

भावा, आवाज न देणारा जुना स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेला सेट) थेट प्लगात घालू नकोस. मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघ. १२० वर असेल तर आपले २३० व्होल्ट त्याला जाळतील. पहिल्यांदा १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लाव, म्हणजे वीज बल्बातून होऊनच सेटमध्ये जाईल असा. भपकन पेटून मंदावला तर ठीक, लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

नवखी पोरं इथं चुकतात:
- उडालेल्या फ्यूजच्या जागी जाडी तार घालतात.
- प्लग काढला की लगेच आत हात. वीज साठवणारे मोठे फिल्टर कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात!

दिवे लागतात, आवाज नाही? टेप मॉनिटरचं (बाहेरच्या टेप डेकचा आवाज घेणारं) बटण दाबलेलं असेल, हसू नकोस. कोल्हापूरच्या पावसाळ्यात स्विचचे कॉन्टॅक्टही काळे पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब फिरव. स्पीकर जोडण्याआधी स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटरने डीसी व्होल्टेज मोज, ५० मिलिव्होल्टच्या आत पाहिजे. बायस-बियस (आउटपुट ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट) नंतर बघूया की.