युकुलेलेच्या (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य) सागवानी बाजू वाकवताना कमरेपाशी, म्हणजे मधल्या अरुंद भागात तुटतात, काय चुकतं?

३ मिमीची पट्टी रात्रभर भिजवूनही तुटते, कारण लाकूड वाकतं ते उष्णतेने. पाणी मुख्यतः उष्णता आत पोचवतं आणि पट्टी करपू देत नाही. आधी जाडी उतरवा. कॉन्सर्ट मापाच्या (मध्यम आकाराच्या) युकुलेलेला १.८ मिमी पुरे, पण सगळीकडे सारखी. एखादी जागा पातळ राहिली की सगळा वाक तिथेच एकवटतो. सागात सिलिका असते, रंध्याचं पातं लवकर बोथट होतं आणि लाकडाच्या रेषा (तंतू) उपटतात. पुन्हापुन्हा धार लावा.

रेषा पट्टीच्या कडेला समांतर हवी. साग गडचिरोलीतल्या नावाजलेल्या आलापल्लीचा असला तरी तिरप्या रेषेची पट्टी कमरेत टिकत नाही, ती बाजूला काढा.

दोन इंची लोखंडी पाइप (जस्ताचा मुलामा नसलेला, त्याचा धूर वाईट) इतका तापवा की पाण्याचा थेंब नाचत उडून जाईल. पट्टी १५-२० मिनिटंच भिजवा, पाइपवर टेकवून वाकवायची सुरुवात कमरेपासून करा, बाहेरच्या अंगाला पातळ पत्रा धरा. जोर लावू नका. लाकूड हाताखाली सैल पडलं की मगच वळवा.

साग तेलकट असतो. चिकटवण्याआधी ताजा सँडपेपर मारा, अ‍ॅसिटोनने पुसा, लगेच गोंद लावा.

आणि वरच्या फळीला आतल्या आधारपट्ट्या मे महिन्यात मुळीच चिकटवू नका. आपल्याकडच्या उन्हात पार सुकलेली फळी पावसाळ्यात फुगते, पोट वर येतं, तारा उंच होतात. पावसात चिकटवली तर पुढच्या उन्हाळ्यात चिरते. हे काम दिवाळीनंतर, हवेत ४५-५० टक्के आर्द्रता असताना करा.