मोटरसायकलसमोर अचानक पक्षी आला तर गाडी वळवावी की ब्रेक मारावा?

तुम्ही लिहिलंय की रोज नागपूरच्या दिघोरीहून उमरेडला मोटरसायकलने जाता. परवा सकाळी पाचगावच्या अलीकडे बाभळीच्या झुडपातून एक मोठा पक्षी अगदी चाकासमोरून आडवा गेला, तुम्ही गाडी उजवीकडे ओढली आणि मागून आलेल्या ट्रकच्या चाकाखाली जाता जाता वाचलात. अंग काळं, पंख विटकरी, शेपटी लांब. अशा वेळी नेमकं काय करायचं, हा तुमचा प्रश्न.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. कुही तालुक्यातली गावं माझ्याकडे आहेत आणि चौदा वर्षं याच रस्त्यावर मोटरसायकल चालवतोय. त्यामुळे उत्तर आधी देतो, कारणं मागून सांगतो. हँडल सरळ धरा. लहान पक्ष्यासाठी गाडी वळवू नका, कधीच नाही.

माझा धडा पावसाळ्यातला आहे. विहीरगाव सोडलं आणि रस्त्यावर दाणे टिपणारे चार-पाच होले एकदम उडाले. मी डावीकडे वळवली. साईडपट्टीचा मुरूम ओला होता, पुढचं चाक सरकलं आणि मी खांद्यावर पडलो. गळपट्टीचं हाड मोडलं, दीड महिना घरी. होला म्हणजे मूठभर वजनाचा पक्षी, आणि त्यातला एकही मला शिवला नव्हता. मला उचलायला धावून आलेले एक म्हातारे गुराखी म्हणाले, "गाडी काहून वळवली बाबू? पाखराचं पाखरू पाह्यते. तू आपला ह्यांडल सरळ धर." मी पुढे ज्या ज्या नव्या पोराला गाडी शिकवली, त्याला हेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. पक्षी दिसला, डोक्याला कळलं, हात हलला, यात साधारण एक सेकंद जातो. तोवर जे व्हायचं ते झालेलं असतं. म्हणजे आपण वळवतो तेव्हा बहुतेक वेळा पक्षी आधीच निघून गेलेला असतो, आणि आपण रिकाम्या जागेला चुकवत ट्रकपुढे किंवा मुरमात जातो. शिवाय वळत्या गाडीचा पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरतंच. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि त्याखालच्यांना निदान कॉम्बी ब्रेक (एक दाबला की पुढचा-मागचा दोन्ही लागणारा) सक्तीचा झाला, पण माझ्या जुन्या गाडीला दोन्ही नाही, गावाकडे धावणाऱ्या कितीतरी गाड्यांना नाही. तेव्हा आधी गाडी सरळ, मग अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, मग दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचे. डोकं किंचित खाली घ्या, म्हणजे धडक बसलीच तर हेल्मेटच्या कवचावर बसेल.

सरळ जायचं म्हणजे धडक किरकोळ असते असं मात्र समजू नका. कबुतर साधारण साडेतीनशे ग्रॅमचं. ८० च्या वेगात ते तोंडावर आलं तर किलोभराचा दगड तीन मजल्यांवरून पडावा इतका जोर असतो. ४० च्या वेगात तोच जोर एक चतुर्थांश होतो. दिघोरीच्या उड्डाणपुलावर एकदा सकाळी एक कबुतर माझ्या हेल्मेटच्या काचेवर आदळलं. वेग पंचावन्नच्या आसपास असेल. मान मागे गेली, काचेला तडा गेला, डोळे वाचले. गाडी कडेला लावून मागे गेलो तर ते कठड्याशी पडलेलं, अजून गरम. त्या दिवसापासून मी अर्धं हेल्मेट घरातसुद्धा ठेवलेलं नाही. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, काच बंद ठेवली की जीव कासावीस होतो, हे मला माहीत आहे. तरी काच खालीच ठेवा. आणि संध्याकाळी काळी काच नको, पारदर्शक लावा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पक्षी "अचानक" आला असं आपण म्हणतो, पण तो तिथे का होता हे बघितलं तर बऱ्याच वेळा आधीच कळतं. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या ट्रॉल्या सुरू होतात, दाणे सांडत जातात, आणि होले, कबुतरं, साळुंक्या रस्त्यावर उतरतात. पुढे धान आणि तूर. भिवापूरकडे शेतकरी डांबरावरच धान्य वाळत घालतात, तिथेही तेच. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे निघतात, त्यांच्यामागे कोतवाल आणि नीलपंख तारेवरून थेट रस्त्यावर झेप घेतात, आणि त्यांचं लक्ष किड्यावर असतं, तुमच्यावर नसतं. मेलेला साप किंवा कुत्रा दिसला की घार आणि कावळे आहेतच असं धरून चाला. कावळा हुशार, दोन उड्या मारून बाजूला होतो. घारीच्या पंजात ओझं असलं की ती जड उठते, आणि वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उठते. तुम्ही वाऱ्याबरोबर येत असाल तर ती तुमच्याच तोंडाकडे येईल. भांडेवाडीच्या कचरा डेपोजवळच्या रस्त्यांवर हे मी अनेकदा अनुभवलंय.

पक्षी कधी उडतो, यावर २०१३ मध्ये फ्रान्समधल्या रस्त्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्या रस्त्याची वेगमर्यादा जास्त, तिथले पक्षी गाडी लांब असतानाच उडत. पण समोरची एखादी गाडी त्याहून वेगाने येत असली तरी त्यांचं उडण्याचं अंतर बदलत नव्हतं. म्हणजे पक्ष्याला रस्त्याची सवय झालेली असते, तुमच्या गाडीच्या वेगाचा हिशोब तो करत नाही. ज्या रस्त्यावर सगळे पन्नासने जातात तिथे तुम्ही नव्वदने गेलात तर त्याचा अंदाज चुकणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही.

मोराच्या बाबतीत मात्र माझा सल्ला वेगळा आहे. नर मोर चार ते सहा किलोचा असतो. त्याला सरळ धडकलात तर गाडी पडते. काटोल रोडला गोरेवाड्याच्या बाजूला आणि इकडे कऱ्हांडल्याच्या जंगलालगत पहाटे व संध्याकाळी लांडोरी रस्ता ओलांडतात. एक गेली की थांबा. मागून दुसरी येते, तिसरी येते, आणि पहिली गेली म्हणून गाडी दामटणाराच सापडतो. तिथे चाळीसच्या वर जाऊच नका, म्हणजे थांबायला जागा राहील.

रात्री रस्त्याच्या मधोमध जमिनीलगत लाल ठिपका चमकला तर तो रातव्याचा डोळा. रातवा म्हणजे रात्री फिरणारा पक्षी. तापलेल्या डांबरावर बसून राहतो आणि अगदी शेवटच्या क्षणी उडतो. दिवा डिपर करा, हॉर्न द्या, वेग कमी करा.

पक्षी धडकला आणि जिवंत असेल तर आधी गाडी सुरक्षित जागी लावा, मागची वाहनं बघा, मगच रस्त्यावर जा. दुपट्टा त्याच्यावर टाकून दोन्ही पंख अंगाशी मिटतील असा उचला. घार किंवा घुबड असेल तर पंजे सांभाळा, ते चोचीपेक्षा वाईट लागतात. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. पाणी पाजू नका. लोक दयेपोटी चोच उघडून पाणी ओततात आणि श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असल्यामुळे ते पाणी फुफ्फुसात जातं. माझ्यासमोर एक चांगला पिंगळा, म्हणजे लहान घुबड, असाच गेला. नुसता गांगरलेला पक्षी तास-दोन तासांत आपणहून उभा राहतो. पंख लोंबत असेल तर नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे जखमी वन्यजीवांवर उपचार करणारं केंद्र आहे, किंवा वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. नंतर हात साबणाने धुवा. गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने गेले, तेव्हापासून मी गाडीच्या डिकीत हातमोजे ठेवतो.

तुम्ही जे वर्णन केलंय तो भारद्वाज, काही जण त्याला कुंभारकावळा म्हणतात. आपल्याकडे त्याचं दर्शन शुभ मानतात. त्याचं उडणं जड, फार तर छातीइतक्या उंचीचं, आणि तो एका झुडपातून दुसऱ्यात असाच आडवा जातो. आपला इलाका तो सोडत नाही. त्यामुळे तुमचा भारद्वाज उद्या सकाळीही बहुधा त्याच बाभळींत असेल. तिथे पोचण्याआधीच आरशात मागचा ट्रक बघून घ्या आणि वेग चाळीसवर आणा.