सीबीटी शिकायची, पण कितव्या पायरीवर?

प्रश्न: मुलगी बारावी कला शाखेत आहे. तिला मानसशास्त्रज्ञ होऊन सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे त्रास देणारे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी, बोलून करायची उपचारपद्धत) करायची आहे. एका संस्थेचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन ‘सीबीटी थेरपिस्ट’ कोर्स आहे, फी १८ हजार. तो केला की लगेच प्रॅक्टिस करता येते, असं ते सांगतात. तिचे बाबा म्हणतात, नुसतं बोलायचंच काम, त्याला एवढी वर्षं कशाला घालवायची? काय करावं?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर:
नमस्कार ताई,

आत्ता ही फी भरू नका. सीबीटी चांगली आहे, मुलीची निवडही चांगली आहे, पण हा कोर्स शेवटच्या पायरीचा आहे आणि ती अजून पहिल्या पायरीवर आहे.

आधी बाबांच्या शंकेबद्दल. ही पद्धत अ‍ॅरन बेक या मनोविकारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत नैराश्याच्या रुग्णांसाठी घडवली. साधारण ५० मिनिटांचं एक सत्र, आठवड्यातून एकदा, बहुधा १२ ते २० सत्रं. दर सत्रात आठवडा कसा गेला ते पाहणं, आज कशावर बोलायचं ते दोघांनी ठरवणं, मागचा गृहपाठ तपासणं आणि नवा देणं, हे सगळं बसवावं लागतं.

समजा, तोंडी परीक्षेला घाबरणारा इंजिनिअरिंगचा मुलगा समोर आहे. तो म्हणतो, “मला वाटतं सगळे हसतील.” आपल्या मराठीची गंमत अशी की ‘वाटतं’ हा एकच शब्द विचारालाही चालतो आणि भावनेलाही. ‘सगळे हसतील’ हा विचार, ‘भीती वाटते’ ही भावना. नवशिका इथेच चुकतो आणि भीती खरी की खोटी यावर वाद घालत बसतो. भावना तपासायची नसते, विचार तपासायचा असतो. म्हणून वहीत रकाने पाडतात: प्रसंग, विचार आणि त्यावर किती टक्के विश्वास, भावना आणि तिची तीव्रता, विचाराच्या बाजूचे पुरावे, विरुद्धचे पुरावे, शेवटी अधिक समतोल विचार. मग प्रयोग: या आठवड्यात वर्गात मुद्दाम एक प्रश्न विचारायचा आणि खरोखर किती जण हसले ते मोजून आणायचं. विश्वास ९० टक्क्यांवरून ६० वर आला तरी पुष्कळ झालं. “सकारात्मक विचार कर” असं सांगणं म्हणजे सीबीटी नव्हे. आणि गृहपाठ झेपणार नाही एवढा मोठा दिला, की पुढच्या वेळी माणूस येतच नाही.

पण या मुलाला नुसती परीक्षेची भीती आहे, की नैराश्य, थायरॉइडचा त्रास, व्यसन की भ्रम? हे ओळखता आलं नाही तर रकाने कितीही सुबक पाडले तरी उपयोग नाही. निदान करणं आणि गरज असेल तेव्हा औषधांसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणं, हे अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली रुग्ण पाहूनच येतं. वर्षं लागतात ती त्याला.

आता रस्ता. बारावीनंतर मानसशास्त्र घेऊन बी.ए. करता येतं, विज्ञान शाखेची अट नाही. संख्याशास्त्र मात्र टाळता येणार नाही, बऱ्याच मुली तिथेच धास्तावतात. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. आजवर त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचं मान्यताप्राप्त एम.फिल. हा मुख्य मार्ग होता. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ते शिकवत आले आहेत, आपल्याला जवळ म्हणजे बेळगावपलीकडे धारवाडच्या डिम्हान्स या तशाच संस्थेतही. मात्र नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद करायचं ठरलं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवली होती. त्याच्या जागी परिषदेच्या मान्यतेचे चार वर्षांचे बी.एस्सी. आणि दोन वर्षांचे एम.ए. असे क्लिनिकल सायकॉलॉजीचे अभ्यासक्रम आणले गेले आहेत. प्रवेशाच्या वर्षी कॉलेजच्या जाहिरातीवर विसंबू नका. परिषदेच्या यादीत त्या संस्थेचं, त्याच अभ्यासक्रमाचं, त्याच वर्षासाठी नाव आहे का, ते स्वतः पाहा.

आणखी एक. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राच्या पदव्या दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देऊ नयेत, असं यूजीसीने विद्यापीठांना कळवलं आहे. म्हणून ‘घरबसल्या एम.ए.’ असं कोणी सांगितलं तर तिथेच थांबा.

संस्थेला मात्र तीन गोष्टी लेखी विचारून बघा: या प्रमाणपत्रावर आरसीआयची नोंदणी मिळते का, प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे देखरेखीखालचे तास किती, आणि देखरेख करणाऱ्यांचा नोंदणी क्रमांक कोणता.

सुट्टीत मुलीने वरचे रकाने स्वतःच्या छोट्या प्रसंगांसाठी आठवडाभर भरावेत: बस चुकली, मैत्रिणीने मेसेजला उत्तर दिलं नाही, एवढेच. मैत्रिणींवर उपचार करू नयेत. कोणी “जगावंसं वाटत नाही” म्हणालंच, तर ती गोष्ट पोटात न ठेवता लगेच मोठ्यांना सांगावी आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावावा.