चावी कधी द्यायची? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा, बारावीत आहे. कॉलेज १४ किलोमीटरवर, एसटीची सकाळी एकच फेरी. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं म्हणतात. घरची ११० सीसीची स्कूटी त्याला देता येईल का?
– एक पालक, ता. आर्णी

उत्तर : नाही. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, तेही पालकाच्या लेखी संमतीनं. तुमच्या स्कूटीला १८ पूर्णच लागतात.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला दोषी धरतात : ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘न विचारता चावी नेली’ हे कोर्टात पालकालाच सिद्ध करावं लागतं. चावी खुंटीला टांगून ठेवू नका. अपघातात कोणी जखमी झालं, तर विमा कंपनी दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. कास्तकाराच्या घरात एवढी रक्कम बहुतेकदा वावर विकूनच उभी राहते.

एसटीसाठी ग्रामपंचायतीचा ठराव, कॉलेजचं वेळापत्रक आणि विद्यार्थ्यांची यादी जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज द्या. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक गाडीला लायसन्स लागत नाही. मात्र दुकानदारानं वेगाची मर्यादा काढून दिली, की ती सवलत संपली.

प्रश्न : मुलाला १८ पूर्ण झाले, लर्निंग काढलं. ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन जिनिंगला जाऊ शकतो का?
– एक वाचक, ता. वणी

उत्तर : एकट्यानं नाही. लर्निंगवर पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा सोबत हवा, तोही गाडी थांबवता येईल अशा जागी. ट्रॅक्टरला सीट एकच. शिकवणारा मडगार्डवर बसतो आणि खड्ड्यात उसळून चाकाखाली येतो. म्हणून आधी रिकाम्या वावरात, ट्रॉली न जोडता शिकवा. लर्निंग ६ महिने चालतं. ३० दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. गाडीला पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा : पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच.

पक्कं लायसन्स आल्यावरही एक गोष्ट रोज तपासायला लावा. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. वावरात वळताना ते सुटे ठेवतात. रस्त्यावर निघण्याआधी दोन्ही पॅडल कडीनं जोडायलाच हवीत. कडी लावायची राहिली आणि घाईत एकच पॅडल दाबलं, तर एकच चाक अडतं, ट्रॅक्टर त्या बाजूला झटक्यानं वळतो आणि उलटतो. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात, त्यामुळे उतारावर कापसाचं सगळं वजन ट्रॅक्टरला मागून ढकलतं. उताराच्या आधीच खालचा गिअर टाकायचा. न्यूट्रल करायचं नाही, क्लच दाबून ठेवायचा नाही.

प्रश्न : पक्कं लायसन्स मिळालं, आता मोटारसायकलवर काही बंधन नाही ना?
– एक विद्यार्थी, ता. हिंगणघाट

उत्तर : हेल्मेट दोघांनाही, मागं एकच जण, मोडलं तर प्रत्येकी १,००० रुपये दंड आणि ३ महिने लायसन्स बंद. नवशिक्यासाठी वेगळं बंधन मात्र आपल्याकडे नाही. न्यूझीलंडमध्ये १९८७ पासून टप्प्याटप्प्यानं लायसन्स देतात : मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्यानं गाडी चालवायची नाही, मित्रांना बसवायचं नाही. आमच्या मते पहिलं वर्षभर हाच नियम घरात लावावा.

कारण साधं आहे. ताशी ६० च्या वेगात, दिसल्यापासून थांबेपर्यंत कोरड्या डांबरावर सुमारे ४५ मीटर जातात; ४० ला सुमारे २६. डिपरच्या उजेडात बिनदिव्याची बंडी त्याआधी दिसेलच असं नाही. रस्त्यावर वाळत टाकलेलं सोयाबीन किंवा ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती असेल, तर अंतर आणखी वाढतं. एक रोही (नीलगाय) रस्ता ओलांडून गेला, की मागून दुसरा येणार असं धरूनच थांबायचं.