कपाटाची किल्ली आधी परत द्या

प्रश्न : आम्ही नारायणगावजवळ टोमॅटो-कांदा करतो. मुलगी बारावी सायन्स झाली. नीट दोनदा दिली, आधी 298, मग 341. आता तिसऱ्यांदा लातूरला पाठवायचं ठरवलंय. ती म्हणते, मला लहान मुलांसाठी इतिहासाची पुस्तकं लिहायची आणि त्यातली चित्रंही मीच काढायची. दोन महिन्यांपूर्वी तिचे रंग, वह्या कपाटात घालून कुलूप लावलं. जेवायला बसते, पण कुणाशी बोलत नाही. वेळ कसा घालवते ते तुम्हाला कळावं म्हणून वहीच्या सहा पानांची झेरॉक्स जोडतोय. तुम्ही समजावलंत तर ऐकेल. (एक वडील, ता. जुन्नर; पत्र थोडक्यात दिलं आहे)

उत्तर : नमस्कार. ‘जेवायला बसते, पण कुणाशी बोलत नाही’ एवढं वाक्य तुम्ही लिहिलंत आणि लगेच झेरॉक्सकडे वळलात. मी त्या वाक्यापाशीच थांबले. दोनदा परीक्षा देऊन मनासारखं न झालेली पोर दोन महिने घरात गप्प आहे, आणि तिला ज्यात चार घटका बरं वाटायचं तेच आपण कुलपात घातलंय. तुम्ही हे रागानं नाही, काळजीनं केलंत हे मला पत्रावरून कळतं. पण तिच्यापर्यंत काळजी पोचलेली नाही, शिक्षा पोचली आहे. म्हणून तिला समजावण्याचं काम मी घेणार नाही. आज संध्याकाळी कपाट उघडा, किल्ली तिच्या हातात द्या आणि त्या वेळी नीटचा विषय काढू नका. आठ-दहा दिवसांत तिचं बोलणं, झोप, जेवण सुधारलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, आणि त्यावर आईवडीलही बोलू शकतात. गप्प राहण्याच्या जोडीला जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा तोंडून आली, तर आठ दिवस काय, तासभरही थांबू नका.

तिसऱ्यांदा नीट द्यायची तर तिनं स्वतःहून मागितली तरच. तुमच्या पत्रात ‘लोक विचारतात’ हे तीनदा आलंय. त्या लोकांसाठी आणखी एक वर्ष घालू नका.

आता ती सहा पानं. तुम्ही पुरावा म्हणून पाठवलीत, मी दोनदा बघितली. विषय नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याकडून माल घाट चढून जुन्नरला यायचा, तो रस्ता तिनं एका बैलाच्या नजरेतून सांगितला आहे. तिसऱ्या पानावर घाटमाथ्यावरचं लेणं आहे. तिथे राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज पुतळे नाहीत, वर ब्राह्मीत कोरलेली नावं तेवढी उरली आहेत. तुमच्या मुलीनं नावांखाली रिकाम्या बाह्यरेषा काढल्यात आणि लिहिलंय, ‘यांचे चेहरे कुणालाच माहीत नाहीत. तुम्ही काढून बघा.’ जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं न रंगवता पोरांच्या हाती देणं मोठमोठ्यांना जमत नाही. ते तिला कुणी न शिकवता सुचलंय.

एक चूकही सापडली, ती तिला जरूर दाखवा. पाचव्या पानावर बैलाच्या पाठीवरच्या गोणीतून लाल मिरच्या डोकावताहेत. मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर 16 व्या शतकात आपल्याकडे आली. तुमचा टोमॅटोही तिकडचाच. रस्त्याच्या कडेला काढलेला फड्या निवडुंगही तिकडचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाणेघाटात यातलं काहीच नव्हतं. त्या गोणीत मिरी चालेल.

इथेच तुमचा एक गैरसमज आडवा येतो. तुम्ही लिहिता, ‘गोष्ट पुस्तकात छापलेलीच असते, ही नुसती चित्रं काढणार, त्यात शिकायचं काय?’ इतिहासकाराला ‘व्यापारी घाट चढून आले’ एवढं लिहून पुढे जाता येतं. चित्रकाराला तसं जाता येत नाही. व्यापाऱ्याच्या डोक्याला काय, पायात काय, बैलाला कसली झूल, गोणी कशाची, आजूबाजूला झाडं कुठली, हे सगळं तिला ठरवावंच लागतं, कारण कागद रिकामा ठेवला तर पोर विचारतंच. मग ती कार्ल्याच्या चैत्याच्या व्हरांड्यातली जोडपी बघायला जाते, त्यांचं नेसणं आणि दागिने वहीत उतरवून घेते. जहाज काढायचं तर सातवाहनांच्या नाण्यांवरचं दोन डोलकाठ्यांचं जहाज शोधते. पुढे शिवकाळ काढायचा झाला तर मोडी वाचता आलेली बरी. एका पानामागे महिना जातो तो असा.

वाटा नेहमीच्याच आहेत : बीएफए म्हणजे चित्रकलेच्या पदवीसाठी राज्य सीईटी कक्षाची एएसी सीईटी, डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड (आयआयटी वगैरेंची प्रवेशपरीक्षा) आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट. सायन्सच्या मुलांना तिन्ही खुल्या, पण वयाच्या आणि बारावीच्या वर्षाच्या अटी आधी तपासा. पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. करता येतं. माझं मत विचाराल तर तिनं आधी चित्रकला शिकावी आणि इतिहास सोबत वाचत राहावा.

पैशाचं खरं सांगते. नुसत्या पुस्तकांवर पहिली काही वर्षं घर चालत नाही. पाठ्यपुस्तकांची चित्रं, ‘किशोर’सारखी मासिकं, संग्रहालयांतले फलक, शाळांमधल्या कार्यशाळा, असं जोडून चालवावं लागतं. आणि या धंद्यात नवी मुलं हमखास फसतात ती करारात. एकरकमी चार पैसे हातात पडतात आणि सगळे हक्क कायमचे सही करून दिले जातात. आडतीची पट्टी तुम्ही ओळ न् ओळ तपासत असाल, तसे तिचे करार तपासा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 19 व्या कलमाप्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात. हे काम तुम्हाला तिच्यापेक्षा चांगलं जमेल.

आणखी एक. घाटातला तो जकातीचा दगडी रांजण तिनं चौथ्या पानावर अंदाजानं काढलाय, शेजारच्या माणसाच्या छातीपर्यंत. कडेला पेन्सिलीनं लिहिलंय, ‘उंची मोजायला हवी.’ बाजाराला सुट्टी असेल त्या दिवशी टेप घ्या आणि तिला घेऊन नाणेघाटात जा. टेपचं एक टोक तुम्ही धरा.