केमोथेरपीनंतरचा विसराळूपणा

प्रश्न : माझे वय 71 आहे. स्तनाच्या कर्करोगासाठीची केमोथेरपी चार महिन्यांपूर्वी संपली. हल्ली गॅसवर भांडे ठेवून विसरते, ओळखीचा शब्द ओठांवर येऊन अडतो. हा स्मृतिभ्रंश तर नव्हे?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. केमोथेरपीनंतर लक्ष टिकवणे, शब्द आठवणे आणि विचारांचा वेग मंदावू शकतो. बहुतेकींमध्ये हे हळूहळू ओसरते, उतारवयात मात्र रेंगाळू शकते. तरी सगळे खापर केमोवर फोडू नका, कारण रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, इतकेच काय, झोपेच्या गोळ्यांनीही असेच होते आणि त्यांवर इलाज असतो. ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागलात, तर स्मृतीची तपासणी करून घ्या. अचानक गोंधळ उडाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.